मामांच्या नंबरातलं शून्य

आणि मामा, घंटा वाजली ती तुमच्याच घरात, फोन उचलला तो तुमच्याच मुलीनं, मागून ओरडलात ते तुम्हीच, तरी नंबर आपला नव्हे म्हणता? मला तर हातातला फोन खाली ठेवायचं भान राहिलं नाही. रोहानी आक्कांनी (फोनच्या दुकानाच्या मालकीण, बुगिस जमातीच्या आहेत, जिभेला हाड नाही) तो माझ्या हातातून काढून घेतला आणि विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, कुणी गेलं नाही, मामांनी फोन आपटला. का, तर मी पुढचं शून्य लावलं नाही म्हणून.

असो. तुमचा उजवा हात कपाळाला लावतो. मामींच्या गुडघ्याला आता आराम असेल, तुमच्या दुकानातलं मीठ यंदा ओलं झालं नसेल आणि चॅपलच्या कमिटीवर अजून तुमचीच सत्ता असेल, असं धरून चालतो. मी ठीक आहे. इथली तवाऊमधली प्लायवुडची गिरणी सोडली (मुकादमाशी पटेना), पामच्या मळ्यात गेलो (सापाशी पटेना), आता परत गिरणीत आहे. मुकादम तोच आहे. अक्षराला हसू नका, चौथीनंतर लिहायची सवय राहिली नाही.

मामा, हे भांडण मी सुरू केलेलं नाही. तुम्ही दुकानात फोन घेतलात, कळवलंत की ०३८२ आणि पुढे एकवीसनं सुरू होणारा नंबर, या नंबरावर सणाच्या आधी होय की नाही ते सांग, नाहीतर माझी युस्तिना लारांतुका गावच्या ट्रकवाल्याला दिली. बहिणीच्या मुलाचा पहिला हक्क म्हणून इतके दिवस थांबलात, हे तुमचे उपकार. मी लगेच रोहानी आक्कांकडे पळालो. देशाबाहेर जायचे दोन शून्य, मग आपल्या देशाचा बासष्ट, मग तुमचा नंबर जसाच्या तसा फिरवला. एक बाई बोलली. मला वाटलं मामी. हा नंबर अस्तित्वात नाही, असं ती इतकं गोड बोलली की मी दोनदा नमस्कार केला. मग कळलं की ती यंत्रातली बाई आहे.

आक्का म्हणाल्या, पुढचं शून्य गाळ. मी तुम्हाला तसं लिहिलं, तर तुमचं काय उत्तर आलं? ते पत्र उशाशी आहे. फोन ऑफिसनं शिक्का मारून दिलेल्या नंबराचं मुंडकं उडवणारा तू कोण! जे लिहिलंय तेच फिरव, एक आकडा कमी नको, एक जास्त नको. शिवाय गावची भाषा बोलू नकोस, सरकारी तार आहे, नीट शाळेतली भाषा बोल.

बरं. तुमचा हुकूम. एक जास्त नको म्हणालात, म्हणून मी दोन शून्य आणि बासष्टही काढून टाकले. तुमच्या कागदावर ते कुठे होते? फक्त तुमचा नंबर फिरवला, मुंडक्यासकट. आणि मामा, घंटा वाजली! म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. मी म्हटलं, मामा, मी. कोण मी? तर तुमच्या बहिणीचा मुलगा. (तुमचं नाव मी घेणार नाही हे तुम्ही जाणताच. होणाऱ्या सासऱ्याचं नाव तोंडातून काढून कोण जीभ सडवून घेईल?) पलीकडून मग म्हणाले, इतक्या वर्षांनी आठवण झाली होय रे, गाढवा? गाढव म्हटल्यावर माझी खात्रीच पटली.

मग मला एकामागून एक धक्केच बसत गेले. तुम्ही म्हणालात, ती मुलगी अजून मनात आहे का? मी म्हटलं, आहे. तुम्ही म्हणालात, मग कर लग्न, मी आडवा आलो ती माझी चूक. चूक! तुमच्या तोंडून! देजाचे घोडे, हस्तिदंत, काही विचारलं नाहीत. माझ्या बाजूनं बोलणारा वडीलधारा कुठाय, हा तुमचा नेहमीचा सवाल, तोही नाही. मग तुम्ही रडायला लागलात. मध्येच म्हणालात, तुझी मांजर गेली रे. मला मांजर काही आठवेना, पण तुम्ही रडत असताना मांजरीवरून वाद कशाला? शेवटी अल्हम्दुलिल्लाह म्हणालात. चॅपलच्या कमिटीचा अध्यक्ष! तिथे तरी माझी ट्यूब पेटायला हवी होती. मला वाटलं, तारेत दुसऱ्या कुणाचं बोलणं मिसळलं.

बिलही एवढंसं आलं. मला वाटलं, मामांच्या मायेनं तार जवळ झाली. त्याच संध्याकाळी घोड्यासाठी साठवलेल्या पैशांतून डुक्कर आणलं. चाळीतले सगळे जेवले, मुकादमही जेवला आणि जेवता जेवता मला दोन शिव्या देऊन गेला.

मग तुमचं पत्र. फोन आला नाही, तुझं मौन म्हणजे नकार समजतो. मामा, मी ते उभ्यानं वाचलं आणि बसून परत वाचलं. मग तसाच अनवाणी आक्कांकडे. त्यांनी बिल पाहिलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाल्या, अरे शहाण्या, हा फोन काजांगला गेला, इथल्याच राजधानीशेजारी, देशाबाहेर गेलाच नाही. यंत्र काय तुझ्या मामाला ओळखतं? ते एकेक आकडा गिळत जातं. या देशात शून्य तीन म्हणजे राजधानीकडचा मुलूख. तेवढं गिळून ते तिकडे वळलं, बाकीच्या आकड्यांत त्याला तिथलं एक घर सापडलं. मी म्हटलं, पण मामांचं शून्य? त्या म्हणाल्या, ते शून्य म्हणजे आपल्या गावातून दुसऱ्या गावाला जायचं फाटक. तुझा मामा ते आतून उघडतो. तू दोन शून्यांनी आपला देश सोडलास, बासष्टनं त्यांच्या अंगणात उतरलास. आत उतरल्यावर परत फाटक कशाला हलवतोस? अंगणात उभा राहून फाटक उघडा म्हणणाऱ्याला कोण फाटक उघडेल!

तेव्हा कुठे मी मुंडकं उडवून तुम्हाला फोन लावला. युस्तिनानं उचलला. फार पटकन बोलली: ट्रकवाला सणानंतरच्या रविवारी येतोय, काहीतरी कर. मग म्हणाली, बाबा विचारतायत शून्य लावलंस का? मी खोटं बोललो असतो तर सगळं मिटलं असतं. मी नाही म्हणालो. मागून तुमचा आवाज: मग तो आपला नंबरच नव्हे! आणि धाडकन.

मग मनात आलं, काजांगच्या म्हाताऱ्याला तरी खरं सांगावं. तुमचा नंबर फिरवला, तुमच्या हुकुमाप्रमाणे. सरबिनी नाव त्यांचं, हाजी आहेत. मी सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, म्हणजे तो नव्हता. नव्हता, मी म्हटलं. त्यांचा भाचा एका मुलीवरून भांडून गेलाय, परत आला नाही. मला फोन ठेवावासा वाटला. तेवढ्यात म्हणाले, तुझ्या बाजूनं बोलायला कोण आहे? कुणी नाही. तर म्हणाले, मी आहे ना, गाढवा.

मामा, तुमचा सवाल सुटला. मामींना नमस्कार. युस्तिनाला काही सांगू नका, ती मागून वाचतच असेल.

तुमचा भाचा,
कानिस

ता. क. सणानंतरच्या रविवारी प्रार्थना सुटली की हाजी सरबिनी काजांगहून तुम्हाला फोन करतील, माझ्या बाजूचे वडील म्हणून रीतीनं मागणी घालतील. ते शून्याशिवायच लावणार, सत्तरीच्या माणसाला मी काही सांगू शकत नाही. हात जोडतो, फोन तुम्ही स्वतः उचला आणि शून्याचं विचारू नका. डुकराचा विषयही काढू नका.

आणखी ता. क. ते मांजरीचं बोलले तर ऐकून घ्या.

शेवटचं ता. क. आपल्या गावचा डामियानुस जहाजानं येतोय, हे पत्र त्याच्याच हाती. सोबत घोड्याचे पैसे आहेत. युस्तिनासमोर मोजू नका. पन्नास हाजींनी मनिऑर्डरनं पाठवले, बाकीचे माझे. एकूण सदुसष्ट रिंगिट.