सुमनच्या आवाजातली वीट

मंगळवार, संध्याकाळ. म्हशाची जत्रा आठवड्यावर आलीय.

आज चौथीला मैदानात इंग्रजी शब्दांचा खेळ घेतला. मोबाइल शब्द बोलतो, मुलं पळत जाऊन ती वस्तू शिवतात. शब्द मुलांच्याच आवाजात आहेत, दिवाळीआधी भरलेले. 'ब्रिक' सुमनच्या आवाजात आहे, हे मी विसरलेच कशी? तो आवाज आला आणि शाळेच्या विटांच्या भिंतीकडे कुणीच पळालं नाही.

"बाई, सुमन भट्टीवर हाय," तिची मैत्रीण म्हणाली. "आयबापासंगं विटा वाहते. शाळेत नाय येणार ती."

मी पुढचा शब्द लावला. दुसरं काय करणार होते?

तिचा आवाज डिलीट करू? हात धजत नाही. 'ब्रिक' तिच्या लक्षात राहीना, तेव्हा तिच्या हातात वीट मीच दिली होती.