कापश्याची चादर

३ मे

प्रिय ताई,

नमस्कार. हातात फोन असताना पत्र लिहितेय म्हणून हसशील. पण फोनवर मी तोंड उघडायच्या आत तू "काय झालं गं?" असं विचारतेस, आणि सध्या मला तो प्रश्न नको आहे. काही झालेलं नाही. बोलायचा कंटाळा आलाय, इतकंच.

तुझा कापश्या मजेत आहे हे आधी सांगून टाकते, नाहीतर तू बाकीचं पत्र वाचायचीच नाहीस. मार्चमध्ये तू त्याला माझ्याकडे ठेवून गेलीस, तेव्हा दोन दिवस दाराशी तोंड पाडून बसला होता. मालकीण बदलली तरी जेवण वेळेवर मिळतं हे कळल्यावर कुत्रोबांची स्वारी खुशीत आली. मध्ये सर्दी झाली होती. डोळ्यांतून पाणी, खोकला, जेवणापुढे नाक मुरडणं. दहा-बारा दिवसांत उतरली. आता माझ्या उशीवर तो झोपतो आणि पलंगाच्या कडेला मी.

आमच्या केंद्रातली बातमी म्हणजे मला बढती मिळाली. जखमी आणि पोरक्या जंगली जनावरांचे सगळे पिंजरे आता माझ्या ताब्यात. काकांनी काम सोडलं. तेच काका, ज्यांच्याबद्दल मी तुला सतत सांगायचे: सव्वीस वर्षं पिंजऱ्यांवर काढलेले, मला हरणाच्या पाडसाला बाटलीनं दूध पाजायला शिकवणारे. वयही झालं होतं म्हणा.

कोल्ह्याची पिल्लं कशी आहेत, विचारलं होतंस. ती आता नाहीत. चारही गेली. आमच्याकडे असं होतं कधी कधी.

बाकी ठीक. तिकडे थंडी असेल तर कान झाकून जात जा.

तुझी,
धाकटी

१४ जून

प्रिय ताई,

तुझं उत्तर मिळालं. एवढ्या मोठ्या पानावर दोनच ओळी. "पिल्लं गेली म्हणजे कशी गेली? आणि काकांनी काम का सोडलं?" लहानपणी माझ्या दप्तरातून नापासाचं प्रगतिपुस्तक तू असंच बरोबर काढायचीस.

सांगते. मध्ये अडवायला तू समोर नाहीस, तेवढं बरं आहे.

पिल्लं आली ती दोन एप्रिलला, दुपारी चारच्या सुमाराला. कुणीतरी पाइप टाकायला चर खणला, त्यात त्यांचं बीळ फुटलं. आई पळाली. चारही चिखलात भिजलेली, प्रत्येक पिल्लू माझ्या मुठीएवढं. आमच्याकडे जंगली पिल्लांना नावं देत नाहीत, त्यांच्याशी बोलतही नाहीत. माणसाची सवय लागली की सुटल्यावर माणसाकडेच येतात आणि मार खातात. म्हणून एक, दोन, तीन, चार.

दुसरा नियम कपड्यांचा. पिंजऱ्यात जाणारं प्रत्येक फडकं उकळलेलं हवं. ज्याच्या घरी कुत्रं आहे, त्यानं तर घरची चिंधीही आणायची नाही. त्या दिवशी आमचं धुण्याचं मशीन बंद होतं आणि उकळलेला ढीग संपला होता. चार नंबर थरथरायचा थांबला होता. हे थरथरण्यापेक्षा वाईट. माझं घर दहा मिनिटांवर. मी धावत गेले. कपाटात धुतलेल्या चादरी होत्या ताई, पण कपाटाची किल्ली सापडेना, आणि एक चादर समोरच होती. कापश्याच्या अंगाखाली. मी त्याला उठवलं, चादर झटकली, केस काढले आणि घेऊन गेले.

मी झटकली. नियम तोडताना माणूस असं काहीतरी करतोच, म्हणजे मनाला वाटतं की अगदीच तोडला नाही.

कापश्याला तेव्हाच खोकला सुरू झाला होता. मी त्याला सर्दी म्हणत होते, मागच्या पत्रातही तेच लिहिलं. दहा दिवसांनी एक नंबरच्या डोळ्यांना चिकटा आला. मग बाकी तिघांच्या. मग झटके. केंद्राच्या डॉक्टरबाईंनी तपासणी करून घेतली: डिस्टेंपर. कुत्र्यांकडून कोल्ह्यांना होतो. थोराड कुत्रं त्यातून उठतं कधी कधी, एवढीशी पिल्लं उठत नाहीत. एकोणीस तारखेला शेवटचा, चार नंबर, गेला. मी त्याला पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलं, खोक्यावर नंबर लिहिला आणि दुपारी डबा खाल्ला. सगळा डबा खाल्ला. मला त्या दिवसापासून काही वाटतच नाही. दात काढताना सुई देतात ना, तसं सगळं तोंड आपलंच आणि आपलं नाही.

वीस तारखेला डॉक्टरबाईंनी सगळ्यांना उभं केलं आणि विचारलं, "कुत्र्याला कोण कोण हात लावतं?"

काका लगेच म्हणाले, "मी. फाटकावरच्या भुरीला रोज पाव देतो. हात धुतो, पण खोटं कशाला बोलू?"

मग बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझ्याकडे ताईचा कुत्रा आहे. त्याची सगळी इंजेक्शनं झालीत."

तूच तसं सांगितलं होतंस. त्या संध्याकाळी मी त्याच्या खेळण्यांच्या पिशवीतून इंजेक्शनांची पुस्तिका काढली. शेवटचा शिक्का तीन वर्षांपूर्वीचा. मी तुला दोष देत नाही. खरं सांगायचं तर थोडा देते. पण पुस्तिका मार्चपासून माझ्याच घरात होती, आणि रोज पन्नास जनावरांचे तक्ते भरणारी मी, मी ती उघडली नव्हती.

मी ती परत पिशवीत ठेवली आणि मूग गिळून बसले.

भुरीला न्यायला दुसऱ्या दिवशी नगरपालिकेची गाडी आली. म्हातारी कुत्री ती, डोळे कायमच पाणावलेले, त्यामुळे कुणाला शंकाच उरली नाही. गाडीवाल्यांच्या हाताला ती लागेना. दोघांना तिनं दमवलं. शेवटी काका गेले, तिला उचललं आणि गाडीत बसवलं. त्यांच्या हातात ती गप्प राहिली. त्यांच्या दवाखान्यात तिचं रक्त घेतलं आणि संशयित म्हणून अहवाल यायच्या आतच तिला मरणाची सुई दिली. काकांनी त्याच आठवड्यात चाव्या टेबलावर ठेवल्या. "माझ्या हातानं चार जीव गेले," म्हणाले, "आता मी पिंजऱ्यात जाऊ नये." बाईंनी त्यांना थांबवलं नाही. मीही नाही. चाव्या मला मिळाल्या.

आता खरी गोष्ट. इथपर्यंत जे लिहिलं ते तू कधी ना कधी माझ्याकडून काढून घेतलंच असतंस. हे नसतं घेता आलं. एकोणतीस एप्रिलला, बाई बाहेरगावी असताना, भुरीचा अहवाल आला आणि पिंजऱ्यांची प्रमुख म्हणून माझ्या टेबलावर आला. भुरीला तो रोग नव्हता. कधीच नव्हता. मी कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. तुला "बाकी ठीक" असं लिहिलं, तेव्हा तो तिथे चार दिवसांचा झाला होता. बाईंनी एकदा विचारलं, तर मी म्हटलं, अजून आला नाही.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही. तू विचारलंस.

आज कागद पर्समध्ये टाकला आणि काकांच्या घरी गेले. दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत एक खुर्ची. त्यांनी मला तिच्यावर बसवलं आणि स्वतः जमिनीवर बसले. हात मांडीवर उलटे ठेवून बसतात हल्ली. काकू म्हणाल्या, "रस्त्यातल्या मांजरालासुद्धा हात लावत नाहीत. दिवसभर असे बसून."

मी सगळं सांगितलं. चादर, पुस्तिका, माझं खोटं. सांगताना आवाज कापला नाही, भाजी आणायला सांगावी तसं सांगितलं.

काका म्हणाले, "म्हणजे पिल्लं माझ्यामुळे नाही गेली?"

"नाही, काका."

ते उठले, स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि मोठ्यानं म्हणाले, "ऐकलंस का गं? माझ्यामुळे नव्हतं!" काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. दोघं माझ्याकडे बघत उभे. मला वाटलं होतं, हाकलून देतील. काका म्हणाले, "तू घाबरू नकोस, पोरी. मला कळलं, बास झालं. वर कुणाला सांगू नकोस, तुझी नोकरी जाईल."

मला त्यांचा राग आला, ताई. माणसानं इतकं चांगलं असू नये. मी म्हटलं, मी सांगणारच, उद्या सकाळी नऊला बाईंकडे जाणार आहे, लिहून ठेवलंय. नोकरी जाईल तर जाऊ दे. आणि तुलाही सांगते: कापश्याला घेऊन जा. लवकर ये. आता त्याच्यापासून धोका नाही, बाहेरच्या दवाखान्यात तपासून घेतलंय. चांगला धावतो, चांगला खातो. तेच मला बघवत नाही.

निघताना मी पर्समधून अहवाल काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा शोधला, सापडला नाही. "तूच वाच," म्हणाले. मी वाचला. मादी, वय अंदाजे अकरा, रोग आढळला नाही.

"परत वाच."

परत वाचला. तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलं नाही, पण मी वाचला.

मग स्वतःचे दोन्ही हात सरळ करून त्यांनी पाहिले आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, एखादी वस्तू कुठे ठेवली ते विचारावं तसं, "मग तिला मी गाडीत का बसवलं?"



तुझी,
जिनं त्यांना अडवलं नाही ती