फळी सावलीत वाळवावी

मी, श्याम गजानन लवाटे, वय ७२, तारखात्यातून निवृत्त, राहणार कसबा पेठ, पुणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहितो. पत्नी मंदाकिनी स्वयंपाकघरात आहे. तिचे दडपण धरलेले नाही.

१. राहते घर आणि बँकेतील शिल्लक पत्नीला. तिच्यानंतर मुलगा राजस यास.

२. सायकल व हत्यारांची पेटी राजसला. पेटीतला पाना त्याने १९९८ साली नेला आहे. तो आधी परत ठेवावा.

३. पॅडलबोर्ड. ही हवा भरून फुगवायची, उभे राहून वल्हवायची फळी. हडपसरच्या कंपनीत बढती मिळाल्यावर राजसने आणली, दोनदा वापरली आणि आमच्याकडे ठेवली. गेली चार वर्षे दर रविवारी मी ती पिशवीत भरून एसटीने पवनेच्या जलाशयावर नेतो. राजस म्हणतो, "बाबा, तुमच्यानंतर ऑनलाइन विकून टाकू. सांभाळणार कोण?" म्हणून हे मृत्युपत्र. बाकीची कलमे ओघाने आली.

४. सांभाळणाऱ्याने फळी साध्या पाण्याने धुवावी, साबण नको. सावलीत वाळवावी. ओली गुंडाळू नये, बुरशी धरते. उन्हात ठेवायचीच तर आधी हवा कमी करावी.

शेवटची सूचना अनुभवाची आहे. या एप्रिलमध्ये मी फळी गच्चीवर फुगवून मंडईत गेलो. मंदाकिनीला ती स्वच्छ, गुळगुळीत आणि रुंद दिसली. तिने त्यावर कुरडया घातल्या. दुपारी एकला शिवण फुटली. कुरडया शेजारच्या आप्पासाहेब मेहुणकरांच्या गच्चीत गेल्या. मी विचारायला गेलो, तर म्हणाले, "कुठल्या कुरडया?" पंधरा दिवसांनी त्यांच्या घरून तळणीचा वास आला. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही, असे वकील सांगतात. आप्पासाहेबांना साक्षीदार केले आहे. ते न वाचता सही करतात.

हवा पूर्ण भरून ठेवली ही चूक माझी. हे प्रथमच लेखी कबूल करतो.

५. तेव्हा मी तीन दिवस बोललो नाही. शिवण चिकटवली, तरी हवा जात होती. चौथ्या दिवशी मंदाकिनीने, गॅसच्या नळीला लावतात तसा, साबणाचा फेस लावून गळती शोधली. ठिगळावर दिवसभर पाटा ठेवला. त्यानंतर हवा गेलेली नाही. सबब फळी, पंप आणि वल्हे तिला द्यावे. साबणाची बंदी तिला लागू नाही.

६. वरील कलम तिला वाचून दाखवले.

"अहो, म्हणजे धुवायची मी, वाळवायची मी, आणि पाण्यात मिरवणार तुम्ही? येतेस का म्हणून कधी विचारलंत?"

विचारले नव्हते. "तुला पोहता येत नाही," मी म्हणालो.

"तुम्हाला तरी कुठं येतं? जाकीट घालूनच जाता ना?"

हे खरे आहे.

तिची अट अशी : मी तिला शिकवायचे. कोणाचाही हात न धरता ती फळीवर उभी राहीपर्यंत मला मरता येणार नाही.

अट मान्य आहे.

लिहून देणार : श्याम गजानन लवाटे
साक्षीदार : १. आप्पासाहेब मेहुणकर
२. डॉ. सुहासिनी कानिटकर (प्रकृती तपासली. अट पाळता येईल.)

स्थळ : पुणे
दिनांक : १५ नोव्हेंबर २०१९