वळणच्या पानावर मी लिहिलं ते

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

उदगीर,
१४ डिसेंबर २०२५

चि. अक्षरा हिला अज्जाचे अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, त्याबद्दल अज्जावर रागावू नकोस. या आधी दोन-चारदा लिहायला बसलो होतो. नाव लिहिलं, आशीर्वाद लिहिले, की तुझी अज्जी काहीतरी काम सांगायची आणि मी उठायचो. खरं म्हणजे ती काही सांगत नव्हती. मीच उठत होतो.

इकडं सगळं ठीक आहे. माझा गुडघा आहे तसाच आहे. अज्जीला सकाळचा खोकला येतो, पण औषध घे म्हटलं की माझ्याच तब्येतीवर बोलायला लागते. यंदा थंडी जास्त आहे. तुझ्याकडं कशी आहे? गिझर बंद करूनच अंघोळीला जात जा. लॅपटॉप गादीवर ठेवून झोपू नकोस, तापून पेट घेतो म्हणतात. तू हसशील, पण पेपरात आलं होतं.

मी फोन केले होते. लागले नाहीत. पुण्यात रेंजचा त्रास असेल.

पेपर मी हल्ली मागच्या पानापासून वाचतो. आधी निधनवार्ता वाचायचो, आता तंत्रज्ञानाचं पान वाचतो. त्यातली निम्मी नावं मला उच्चारता येत नाहीत. पण एक गोष्ट वाचून वाचून कळली. कंपनीला नफा झाला, अशी वर बातमी असते, आणि त्याच कंपनीनं माणसं कमी केली, अशी खाली. हे गणित मला जमत नाही. आमचं चौबाऱ्यातलं दुकान चालत होतं तेव्हा धंदा वाढला की आणखी एक माणूस ठेवावा लागायचा. धंदा वाढला म्हणून हमालाला काढलं असं मी केलं असतं तर बाजारानं मला वेडा म्हटलं असतं. आता एआय आलंय म्हणतात. ते जेवत नाही, रजा मागत नाही. असेल. पण मग त्यानं केलेलं सामान विकत घेणार कोण, हे त्या पानावर कुणी लिहीत नाही.

दिवाळीत तू आली होतीस तेव्हा आपलं दोघांचं भांडण झालं ते आठवतं ना? भांडण म्हणजे तसं नाही, पण मी आवाज चढवला होता. तू कॉलेजात असताना केलेल्या त्या वळण नावाच्या प्रोग्रॅमवरून. जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेलं मराठी नव्या कॉम्प्युटरवर किडे-मुंग्यांसारखं दिसतं, ते वळण सरळ करून देतं, एवढं मला समजलं होतं. तू म्हणालीस, ते ओपन आहे. कुणीही न्यावं, आत काय आहे ते बघावं, आपल्याला पाहिजे तसं बदलावं, विचारायचं कारण नाही. मी म्हणालो, "अगं, फरसाणवाला आपला मसाला सांगतो का कुणाला? रात्र-रात्र जागून करायचं आन फुकट वाटायचं?" त्यावर तू म्हणालीस, "अज्जा, मठात दासोहाला जेवायला बसल्यावर पावती फाडतात का?"

दासोहाचं नाव काढल्यावर आपल्या घरात कोण काय बोलणार? पण माझं समाधान झालं नव्हतं. दासोहाला गावातून ज्वारी येते, भाजी येते, हात येतात. तुझ्याकडं कोण काय आणून टाकतं, हे मला विचारायचं होतं. राहून गेलं.

तू परत गेल्यावर मी तुला रोज अकराच्या सुमारास फोन करायचो, कारण तेव्हा तुझी चहाची सुट्टी असते. एकदा फोनमध्ये कुकरची शिट्टी ऐकू आली. मी म्हणालो, "ऑफिसात कुकर?" तू म्हणालीस, आज घरून काम आहे. बरं म्हटलं. मग एक दिवस भाजीवाल्याची हाक आली. मग दुसऱ्या दिवशी पण आली. तू आवाज बारीक करून म्हणालीस, "मीटिंगमध्ये आहे अज्जा," आणि तरी बोलतच राहिलीस. तुझ्या आवाजात जी घाई असायची ती नव्हती. मी चाळीस वर्षं गिऱ्हाइकं बघितलीत. खिशात पैसे नसलेलं गिऱ्हाईकच सगळ्यात जास्त वेळ भाव विचारत उभं राहतं. तू तेव्हा फोन लवकर ठेवत नव्हतीस.

तुझी नोकरी गेली हे मला तेव्हाच कळलं. मी अज्जीला सांगितलं नाही, राजशेखरला सांगितलं नाही. आपल्या बापाला सांगायचं की नाही हे तुझं तू ठरवशील, असं मी मनाशी म्हणालो. तिथवर मी बरोबर होतो.

आता पुढचं लिहितो. हेच लिहायचं टाळत होतो.

छापखान्यातला सिद्धराम तुला माहीत आहे. लग्नपत्रिका छापतो तो. त्याच्याकडं जुन्या पत्रिका जुन्या फॉण्टमध्ये पडून आहेत, त्या तो तुझ्या वळणवरच सरळ करतो. मला त्यानं मोठ्या कौतुकानं हाक मारली. "अज्जा, या, तुमच्या अक्षराचं दुकान दाखवतो." मी म्हणालो, "दुकान कसलं रे, गल्ला तर न्हाई." त्यानं पान उघडलं. वर तुझं नाव. खाली नुसत्या ओळीच ओळी. "हे काय?" "इश्यू हैत. तिच्या नावावर लई इश्यू हैत, अज्जा."

तेच मी घरी येऊन अज्जीला जसंच्या तसं सांगितलं. तिच्या हातातली परातच पडली. तुला माहीत आहे, सिद्धराम स्थळांचे कागद पण छापतो, आणि मोडलेल्या लग्नातल्या माणसाला मूलबाळ नसेल तर त्यावर 'नो इश्यू' असं छापतो. अज्जीला इंग्रजीतले जे काही शब्द येतात त्यातला हा एक. "पोरीचं लग्न न्हाई आन लई इश्यू?" म्हणून ती कपाळाला हात लावून बसली. मला तिला समजावता येईना, कारण इश्यू म्हणजे काय ते मलाही कळलं नव्हतं. शेवटी सिद्धरामलाच घरी बोलावलं. तो हसून हसून लोळायचा बाकी राहिला. इश्यू म्हणजे तक्रारी, असं त्यानं सांगितलं, तेव्हा अज्जीनं त्याला चहा दिला.

हे वाचून तुला हसू आलं असेल तर बरं आहे. आता हसणार नाहीस.

त्या तक्रारी सिद्धरामनं मला एकेक वाचून दाखवल्या. इंग्रजीतल्या त्याला जमतील तशा मराठीत करून सांगितल्या. एक जण म्हणतो, आमच्या कंपनीचं काम अडलंय, ताबडतोब दुरुस्त करा. एक जण म्हणतो, जमत नसेल तर वाटता कशाला? एकानं लिहिलं होतं, ही बाई झोपली आहे का? फुकट नेलेल्या मालावर एवढा रुबाब! आणि खाली तू प्रत्येकाला उत्तर दिलेलं. सॉरी. बघते. सॉरी, उद्यापर्यंत करते. तुझी सॉरी मी वाचली, बाळ. ज्या पोरीनं मला कधी सॉरी म्हटलं नाही, आणि म्हणू पण नये, ती कुठल्या कोण माणसाला म्हणते आहे, आणि तेही नोकरी गेलेली असताना.

माझं डोकं फिरलं. मी सिद्धरामला म्हणालो, "इथं लिहिता येतं का आपल्याला?"

"हाव. ओपन हाय. कुणालाबी येतं."

"मग लिही." मी सांगत गेलो, तो टाइप करत गेला. मी अक्षराचा अज्जा, गुरुपादप्पा, उदगीर. तुम्ही शिकलेली माणसं आहात. आमच्या पोरीची नोकरी गेली आहे. तिनं घरी सांगितलेलं नाही. ती एकटी राहते, वेळेवर जेवत नाही. तिला कुणी घाई करू नये. ज्याचं काम अडलं असेल त्यानं मला फोन करावा. खाली माझा नंबर.

सिद्धराम थांबला होता. "अज्जा, पाठवू का? नीट इचार करा." मी म्हणालो, "पाठव." त्याच्याकडं बोट दाखवू नकोस. त्यानं विचारलं होतं.

मला वाटलं, हे त्या ओरडणाऱ्या चार माणसांना जाईल. व्हॉट्सअॅपवर कसं, ज्याला पाठवलं त्याला जातं. ओपन म्हणजे फुकट, एवढंच मी धरून बसलो होतो. ओपन म्हणजे उघडं, हे नंतर कळलं. लातूरहून राजशेखरचा फोन आला. त्याला त्याच्या मित्रानं दाखवलं होतं. "अप्पा, माझ्या पोरीची नोकरी गेली हे मला माहीत न्हाई, आन सगळ्या जगाला माहीत झालं." अगदी हळू बोलला. ओरडला असता तर बरं झालं असतं. तू जिथं मुलाखतीला जाशील तिथली माणसं पण हे पान बघतात, असं तोच म्हणाला. हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी हात कापून घेतला असता.

दुसऱ्या दिवशी सिद्धरामनं दाखवलं की तू पानावर वर लिहिलंयस, काही दिवस वळणचं काम बंद राहील. आणि तेव्हापासून तू माझा फोन उचलत नाहीस. रेंजबिंज काही नाही, मला कळतं. अज्जीचा उचलतेस, तिला बरी आहे म्हणतेस, आणि माझ्या हातात फोन दिला की कट होतो. अज्जी म्हणते, "जगाला सांगून आलात, आता घरात कशाला तोंड लपवता?" तिचं बोलणं मला लागत नाही. तू कट करतेस ते लागतं.

अक्षरा, तुला वळण बंद करायचं असेल तर कर. थकलीस म्हणून बंद केलंस तर मी एक शब्द बोलणार नाही. पण माझ्या लिहिण्यानं मान खाली गेली म्हणून बंद केलंस, तर ते मी बंद पाडलं असं होईल. हे ओझं मला पेलायचं नाही. मला एवढंच कळायला पाहिजे, यातलं कुठलं.

आणखी एक सांगायचं आहे. मला फोन आले. एक माणूस इंग्रजीत बोलला, मी राँग नंबर म्हणून ठेवून दिला. मग लक्षात आलं की नंबर बरोबरच होता. पण भालकीहून महानंदा म्हणून एका बाईंचा आला. शाळेत कॉम्प्युटर शिकवतात. कन्नडमध्ये बोलल्या, म्हणून मला बोलता आलं. म्हणाल्या, "अज्जा, आम्ही परीक्षेचे सगळे जुने मराठी पेपर त्याच्यावर सरळ केले. मला वाटायचं मोठी कंपनी आहे. एकटी मुलगी आहे हे कुणाला ठाऊक?" त्यांना प्रोग्रॅम लिहिता येत नाही फारसा. पण कुठली तक्रार नवी, कुठली आधीचीच, कोणाला नुसतं समजावून सांगितलं की भागतं, एवढं निवडून देईन म्हणाल्या. आणि तसं त्यांनी माझ्या लिहिण्याखाली लिहून ठेवलं आहे. आणखी काही जणांनी पण लिहिलं आहे. ज्यानं तू झोपलीस का विचारलं होतं, त्यानं माफी मागितली आहे. सिद्धरामनं पण लिहिलं आहे, लग्नपत्रिकांपुरतं मी बघतो म्हणून.

दिवाळीत राहिलेला प्रश्न मी आता विचारतो. तुझ्याकडं कोण काय आणून टाकतं? दासोहात चूल एकाची नसते. जो जेवून उठतो तो पुढच्या पंगतीला वाढायला जातो, पत्रावळी उचलतो. कुणी सांगावं लागत नाही, कारण कोण किती दमलंय ते डोळ्यांना दिसतं. तुझ्या पंगतीतल्या माणसांना तू दिसतच नव्हतीस. तूच शिजवायचं, तूच वाढायचं, तूच खरकटं काढायचं, आणि वर मीठ कमी म्हणून बोलून घ्यायचं. मी जे केलं ते चुकीचंच केलं, तुला न विचारता केलं. पण ती माणसं आता भांडं हातात घेऊन उभी आहेत, एवढं बघ. त्यांना हो म्हण की नाही म्हण, ते तुझं तू ठरव. मी परत तिथं काही लिहिणार नाही.

मी सिद्धरामला म्हणालो होतो, माझं लिहिलेलं पुसून टाक. तो म्हणाला, "मी पुसतो, पण अक्षरालाबी ते पुसता येतं. पान तिचं हाय. नको असतं तर पहिल्या दिवशीच पुसलं असतं तिनं." मग मी त्याला थांबवलं. रोज जाऊन विचारतो, आहे का अजून? तो म्हणतो, आहे.

तू ते पुसलं नाहीस. मला हे कसं घ्यावं ते समजत नाही. रागानं ठेवलं असशील, की बघा माझ्या अज्जानं काय केलं. किंवा बघायचंच सोडलं असशील. किंवा तिसरं काही असेल, पण ते मी लिहीत नाही, कारण तसं नसलं तर मला सहन होणार नाही.

हे पत्र मी कुणाला दाखवलेलं नाही. अज्जीलाही नाही. पाकिटाला डिंक मीच लावणार आणि पोस्टात माझ्याच हातानं टाकणार आहे. हे फक्त तुला जाईल.

पुसायचं असेल तर पूस. पण पुसायच्या आधी मला एक ओळ लिही, किंवा फोन उचल आणि काही बोलू नकोस, मी ऐकून घेईन. रागाचं असलं तरी चालेल. नुसतं लवकर कळव.

तुझा फोन येईल म्हणून दुपारीही न झोपणारा,
तुझा अज्जा
गुरुपादप्पा