मागच्या दारचं पान

३ ऑगस्ट २०२५, रविवार

काय घडलं, तेवढंच लिहिते.

१. मे महिन्यात लॅबमध्ये नवं यंत्र आलं. चाचणीला नमुना हवा होता. मी माझी लाळ दिली. सगळेच देतात.
२. एक डीएनए फक्त आईकडून येतो. मुलग्यांनाही मिळतो, पण पुढे नेतात त्या मुलीच. माझा तो पूर्ण वाचून झाला.
३. सवयीने प्रसिद्ध झालेल्या नमुन्यांशी ताडून पाहिला. तंतोतंत जुळणारे दोन निघाले. दोन्ही रायगड जिल्ह्यातल्या एका कातकरी वाडीवरच्या बायकांचे.
४. आमच्या जातीच्या नमुन्यांत त्याच्या जवळपासचंही काही नाही.
५. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून सगळं पुन्हा केलं. पुन्हा तेच.
६. काल प्रतिमा मावशीला फोनवर सांगितलं. आईची धाकटी बहीण, इथेच अमेरिकेत, जवळच श्रूजबरीला राहते. "म्हणजे काय?" असं तिने विचारलं नाही. "तुला कुणी सांगितलं?" असं विचारलं!

पहिल्या पाच मुद्द्यांना कारणं देता येतात. सहाव्याला देता येत नाही.

५ ऑगस्ट

स्वतःला बजावण्यासाठी: जुळलं याचा अर्थ एवढाच की त्या दोघींची आणि माझी कधीतरी एकच आई होती. दोनशे वर्षांपूर्वी की दोन हजार, ते यातून कळत नाही. यापलीकडचं मी मानत नाही.

मग झोप का लागत नाही?

१० ऑगस्ट, रविवार

मावशीकडे जेवायला गेले. अतुल काका, मावशीचे यजमान, टीव्हीपुढे. निमिष घरी होता — मावशीचा मुलगा, शाळेत गणित शिकवतो, मराठी सगळं कळतं, बोलत नाही. मावशी भांडी घासत होती. डिशवॉशर रिकामा, तरी हाताने घासत होती.

मी म्हटलं, "मावशी, नवमीचं पान कुणासाठी असतं?"

हे कधी लिहून ठेवलेलं नाही. अविधवा नवमीला आमच्याकडे सवाष्ण जेवते. ती उठली की आजीकडच्या बायका एक पान मागच्या दाराबाहेर ठेवतात. त्यावर उकडलेला करांदा, रानातला कंद, आणि नाचणीची भाकरी. मीठ नाही, दिवा नाही, नमस्कार नाही. ठेवायचं आणि दार लावायचं. आईही पुण्यात फ्लॅटच्या मागच्या जिन्यात ठेवायची. बाबांना वाटायचं, गाईचं असेल. तिसऱ्या मजल्यावर गाय! मीसुद्धा कधी विचारलं नाही.

मावशी इथे डेकवर कागदी प्लेट ठेवते. करांदा मिळत नाही म्हणून घानाच्या लोकांच्या दुकानातला याम. रात्री ते रॅकून खाऊन जातात, मांजराएवढी रानजनावरं.

निमिष हसत म्हणाला, "मॉम फीड्स द रॅकून्स वन्स अ इयर. इट्स लाइक देअर थँक्सगिव्हिंग."

मावशीने नळ बंद केला. "निमिष, वर जा." सव्वीस वर्षांचा मुलगा — गेला मुकाट्याने!

मग मला म्हणाली, "सावनी, ते जे काही कॉम्प्युटरवर आहे ना, ते पुसून टाक."

"का?"

"ताई असती तर तिनेही हेच सांगितलं असतं."

आईला जाऊन दोन वर्षं होतील. तिच्या नावावर काहीही सांगता येतं आता.

१४ ऑगस्ट

बाबांचा फोन. नवमीला सवाष्ण कुणाला सांगायची, याची काळजी एक महिना आधीपासून. आई सवाष्ण गेली, म्हणून तिची तिथी नवमी. गेल्या वर्षीच्या बाई मुलाकडे बंगळूरला गेल्यात.

मग इकडचं तिकडचं. "परवा मंडईत तुझ्या आईच्या वॉर्डातली सिस्टर भेटली गं. इतक्या महिन्यांनी ओळखलं मला! म्हणते, काका, काकू शेवटी जिला सारख्या हाका मारायच्या ती आली होती का हो? मी म्हटलं, अहो, आम्हाला वाटायचं ती तुमच्यातलीच कुणी सिस्टर आहे!" हसले.

मी समजावलं, मॉर्फिनच्या त्या मात्रेवर भ्रम होतात. माणसं नसलेल्यांना हाका मारतात. नोंद झालेली गोष्ट आहे.

"तू म्हणतेस तर तसं असेल," म्हणाले.

१९ ऑगस्ट

ज्यांनी वाडीवरचे नमुने घेतले होते त्या प्राध्यापकांना लिहिलं होतं. त्यांचं उत्तर आलं. सौजन्यपूर्ण. नमुने निनावी आहेत, देणाऱ्यांपर्यंत पोहोचता येणार नाही, तसं वचन त्या बायकांना दिलेलं आहे. बरोबरच आहे. मी त्यांच्या जागी असते तर हेच लिहिलं असतं.

एक ओळ त्यांनी आपणहून घातली आहे — नमुने पावसाळ्यात घेतले, कारण दिवाळीनंतर वाडी रिकामी होते, सगळे वीटभट्ट्यांवर जातात.

म्हणजे माझ्याकडे त्यांचं सगळं आहे, अक्षर अन् अक्षर. आणि त्या दोघी माझ्यापासून कायमच्या सुरक्षित. असंच असायला हवं. वाईट वाटतं ते वाटतं.

२३ ऑगस्ट, शनिवार

मावशी बोलली!

वूस्टरला त्याच घानाच्या दुकानात तिला घेऊन गेले होते. तिने याम निवडला, वजन करून घेतलं, बाईशी भावाची हुज्जत घातली, दोघी हसल्या. मग पार्किंगमध्ये, पट्टा लावून बसल्यावर, समोर बघत:

"रानातून आणली होती तिला. लहान होती. घरात कुणबीण म्हणून ठेवली."

कुणबी नव्हे — कुणबीण. विकत घेतलेली बाई. घरची दासी, सगळ्या अर्थांनी.

अलिबागच्या बाजूचं घर. आजीच्या आजीच्या कितीतरी आधीची गोष्ट. घरधन्यापासून तिला मुलगी झाली. धन्याच्या बायकोला मूल नव्हतं. पोर गोरी निघाली, म्हणून तिच्या ओटीत घातली आणि गावात सांगितलं, हिलाच झाली. आठव्या वर्षी चांगल्या घरी लग्न लावून दिलं.

"आणि ती?"

"ती कुठे जाणार? तिथेच. मुलीच्या लग्नात उष्टी पानं उचलली तिने."

दुकानातून एक बाई गाडी ढकलत गेली. मावशी ती दिसेनाशी होईपर्यंत थांबली.

"पोरीला कळलं होतं. निघताना मागच्या दाराशी गेली. तिथे तिने पोरीला आपलं नाव सांगितलं. घरात कायकाय हाका मारायचे, त्यातलं नाही. तिच्या आईने ठेवलेलं, रानातलं. तेवढं मुलीने मुलीला सांगायचं. लग्नाच्या हळदीला. थोरल्या मुलीला फक्त."

मी थोरली आहे. एकुलती. माझं लग्न झालेलं नाही. आई म्हणायची, "तुझ्या हळदीला तुला एक सांगायचंय." मला वाटायचं दागिना असेल.

"मावशी, नाव काय तिचं?"

"माझ्या तोंडून वदवून घेऊ नकोस. तुझ्यापाशी आहे ते तुझ्यापाशी ठेव."

उतरताना म्हणाली, "याम नीट धर, तुकडा पडेल."

२४ ऑगस्ट

ती सवाष्ण नव्हती, कारण लग्न नव्हतं. विधवाही नव्हती. पंधरवड्यातली एकही तिथी तिची नाही. म्हणून दाराबाहेर. आमच्या बायकांनी केलेली तडजोड ती एवढी.

आणखी एक, नाहीतर मी खोटं लिहिते असं होईल — मी कातकरी नाही. दोनशे वर्षं आम्ही आत जेवलो. जिने पोर घेतली आणि जिची घेतली, दोघींपासून मी आले आहे. रक्त फक्त एकीचं आलं, घर दुसरीचं.

२८ ऑगस्ट

लायब्ररीत इथल्या मूळ रहिवासी निपमक लोकांच्या इतिहासावर व्याख्यान. ही सगळी त्यांची जमीन, इथल्या तळ्याचं नावही त्यांचंच. बोलणारी बाई त्यांच्यातलीच, माझ्या वयाची. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं इंग्रजांशी झालेलं युद्ध हरल्यावर इथल्या कित्येकांना जहाजात घालून बेटांवर विकलं. तिच्या घरातल्याही एका बाईला.

कुणीतरी विचारलं, तिचं नाव सापडलं का?

ती म्हणाली, सापडलं ना, पण ते घेणाऱ्याने ठेवलेलं. आधीचं नाव सांगणारं कुणी उरलं नाही.

निघताना तिच्याशी बोलावंसं वाटलं. बोलले नाही. काय सांगणार होते? की आमच्याकडे सांगणारं एक माणूस उरलंय, आणि ते सांगत नाही?

३१ ऑगस्ट, रविवार

मावशीकडे गणपतीचं जेवण. काकांना मावशीने सांगितलं असावं. किंवा निमिषने. वरणभात वाढून होतोय तोच म्हणाले, "काय मग सावनीबाई, आता आरक्षण घेणार का? बघा बुवा, आमच्या निमिषलाही मिळत असेल तर!"

पाहुणे हसले. कशावर हसतोय ते बहुतेकांना ठाऊकही नव्हतं.

मावशी मोदकांचं ताट घेऊन उभी होती. तिने काकांच्या पानात मोदक वाढला नाही. पुढे गेली. बास, एवढंच. पण मी पाहिलं.

निमिषने मला बाहेर गाठून विचारलं, "सो द रॅकून थिंग... दॅट्स फॉर हर?"

"हो."

"अँड आय मेड द जोक एव्हरी इयर."

समजूत घालता आली असती.

५ सप्टेंबर

मावशीला तीन मेसेज. तिन्ही वाचलेले. उत्तर नाही.

८ सप्टेंबर

पितृपक्ष लागला. बाबा तर्पण करतील. तीन पिढ्यांच्या आया घेतात त्यात, नावगोत्रासकट. तिला दोन्ही नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

लॅबमधून लवकर निघून थेट मावशीकडे. ती एकटी होती. ठरवून गेले होते, शब्द मोजून.

"मावशी, तू साठीच्या पुढे आहेस. तुला मुलगी नाही. तू सांगितलं नाहीस तर ते तुझ्याबरोबर संपेल. मी कुठे छापणार नाही, काकांना सांगणार नाही. मला फक्त ऐकायचंय."

ती माझ्याकडे बघत राहिली. असा भाव मी तिच्या चेहऱ्यावर कधी पाहिलेला नाही.

"म्हणजे — ताईने तुला सांगितलं नाही?"

"नाही."

"काहीच नाही?"

"नाही! म्हणून तर तुला —"

ती खुर्चीत बसली. "अगं, मी धाकटी. ताईच्या हळदीला आईने मला फुलं आणायला पाठवलं. मुद्दाम. कुणबिणीची गोष्ट मी नंतर जोडत जोडत काढली, आईकडून, ताईकडून. नाव नाही. फोनवर तुला विचारलं खरं, कुणी सांगितलं म्हणून. मग वाटलं, ताईला आपलं दुखणं कळलं होतं. ती हळदीची वाट बघत बसली नसेल. तुला सांगूनच गेली असेल. मला वाटलं, तू माझी परीक्षा घेते आहेस — मला किती ठाऊक आहे ती."

"तू म्हणालीस, तुझ्यापाशी आहे ते तुझ्यापाशी ठेव."

"मग? तुझ्यापाशी आहे, असंच धरून चालले होते ना मी."

महिनाभर मी तिच्या दारावर धडका मारत होते आणि ती आतून मलाच राखणदार समजत होती. दोन्ही बाजूंना काही नाही. संपलं. त्या बाईपासून आईपर्यंत सगळ्या मुलींनी सांभाळलं आणि माझ्यापाशी संपलं. वाचलेला डीएनए तेवढा माझ्याकडे, शंभर टक्के.

मावशी रडली. मला रडता येत नाही. मी तिच्या ओट्यावरचा याम उचलून फ्रीजमध्ये ठेवला, का ते ठाऊक नाही.

११ सप्टेंबर

काहीच लिहायचं नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी दात घासताना आठवलं. ब्रश तसाच टाकून बाबांना लिहिलं. इथे उतरवून ठेवते —

बाबा, मी मॉर्फिनबद्दल म्हणाले ते विसरा. शेवटी आई जिला नाव घेऊन हाका मारत होती ती कुणी सिस्टर नव्हती. ते नाव मला हवं आहे. तुम्हाला आठवत नसेल तर मंडईत भेटलेल्या त्या सिस्टरला गाठा, वॉर्डात जा, विचारा. पूर्ण नाही आठवलं तर पहिलं अक्षर चालेल. सोमवारी नवमी आहे. रविवारी रात्रीपर्यंत कळवा.