वेठीचा अर्थ आणि माझी नोकरी

तीर्थरूप मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार (या खेपेला खरोखरच लोटांगण समजा). मामींची कंबर आता कशी आहे? इकडे सगळे खुशाल आहेत, एक मी सोडून.

माझ्या मागे ही साडेसाती तुमच्यामुळेच लागली. इस्पितळाच्या धुलाईखात्यात चादरी वाहणारा रोबोट आला, तेव्हा मुकादम म्हणून दोन शब्द बोलायची पाळी माझ्यावर आली. तुम्हाला फोन केला आणि तुम्ही सांगितलंत ते जसंच्या तसं बोलून मोकळा झालो, की 'रोबोट' हा शब्द शंभरेक वर्षांपूर्वी परदेशात एका नाटकासाठी घडवला, आणि त्याचं मूळ म्हणजे वेठ, धन्याच्या शेतावर फुकट राबणं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. ऐकलं नसावं.

ऐकलं ते घडी घालणाऱ्या मावशींनी. महिन्याभराने एकदा जेवणाच्या वेळी त्यांनी रोबोटवर एक धुतलेली चादर टाकली. समोरचं दिसेनासं झालं की तो जागीच थांबतो आणि वाट द्या, वाट द्या म्हणत बसतो. मावशी म्हणाल्या, "मुकादम, वेठीला धरलंय हो बिचाऱ्याला. घटकाभर टेकू दे." (यातली मेख अशी, की तो दमत नाही म्हणून आमची जेवणाची सुट्टीच बंद झाली होती. तो मळके गठ्ठे आणतच राहायचा आणि आम्ही उभ्याउभ्या घास कोंबायचो.) तेव्हापासून रोज चादर पडते आणि सगळे बसून जेवतात. मीही जेवतो. मामा, अन्नाला चव असते हे मी विसरलोच होतो!

वरच्या मजल्यावर चादरी उशिरा पोचू लागल्या आणि साहेबांनी बोलावलं. आवाज जराही न चढवता हुकूम सोडला. सोमवारी सगळ्यांसमोर मी सांगायचं, की त्या शब्दाचा अर्थ 'सोबती' असा आहे, वेठबीठ सगळं खोटं. नाहीतर मंगळवारपासून मुकादम दुसरा. तेव्हा आपलंच चुकलं अशी एक चिठ्ठी तुम्ही लिहून द्या. शब्दाच्या बाबतीत तुम्ही जन्मात हार मानलेली नाही हे ठाऊक आहे, पण एकदा भाच्यासाठी माना. घरात मी चकार शब्द काढलेला नाही. हिला वाटतंय, मला अपचन झालंय.

तुमचा भाचा

ता. क. : चिठ्ठी सोमवारच्या आत पोचेल अशी धाडा. सही ठसठशीत करा.

आणखी एक ता. क. : पत्र खिशात घालून कामावर आलो, तर मावशींनी बाकावर माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. चिठ्ठी लिहू नका. मी सोमवारी खरा अर्थच सांगणार आहे. तुमच्याकडे कुठे मुकादम हवा असेल तर तेवढं विचारून ठेवा, आणि हिला तुम्हीच सांगा.