मैयानं काहून माफ केलं?

प्रिय अर्चनावहिनी,

तीन दिवस झाले, तुला सांगू सांगू करून राहिलेय. दोनदा तुला फोन लावला आणि तू उचलायच्या आत कापला. हे बोलून होणार नाही, म्हणून लिहितेय.

मंगळवारी दुपारी दारात एक परिक्रमावासी उभा राहिला. पांढरे कपडे, छातीपर्यंत दाढी, तळपायांना भेगा. नर्मदेला पायी फेरी घालून आलेला माणूस म्हटल्यावर आईला काय, देवच दारी आला. तिनं त्याचे पाय धुतले, त्या पायांवर डोकं टेकलं, गरम पोळ्या करून वाढल्या. तो मान खाली घालून जेवला. हात धुतले आणि म्हणाला, “माँजी, पहचाना नहीं? मैं शालिग्राम.”

दादाचा मॅनेजर, वहिनी! नऊ वर्षांपूर्वी रिछाईच्या कारखान्यात बॉयलर फुटला, तेव्हा ‘अनुपम ड्यूटीवर झोपला होता’ अशी साक्ष देणारा शालिग्राम. आणि आई नुकतीच त्याच्या पाया पडली होती.

पुढचं ऐक. दादा झोपला नव्हता. वॉल्व अडकलाय, बॉयलर बंद करतो, असं त्या दुपारी तो शालिग्रामला दोनदा येऊन सांगून गेला होता. रजिस्टरमध्ये लिहिलंही होतं. “शाम तक चला लो, माल निकलने दो,” म्हणून शालिग्रामनंच त्याला परत पाठवलं. दादा गेला, सोबतचे दोन कामगार गेले, आणि यानं रजिस्टरचं ते पान फाडून टाकलं. हे सगळं त्यानं आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून सांगितलं. वर म्हणाला, “नर्मदा मैया ने मुझे माफ कर दिया, माँजी. परिक्रमा पूरी हुई, मन हल्का हो गया.” रविवारी तिलवाऱ्याच्या घाटावर भंडारा ठेवला होता, त्याचं आमंत्रण द्यायला आला होता तो.

आई मराठीतच म्हणाली, “मैयानं काहून माफ केलं? मैयाचा पोरगा होता काय तो?”

त्याला समजलं. तो रडायला लागला. आवाज ऐकून शेजारच्या दीदी आल्या आणि आईलाच समजावू लागल्या, “जाने दीजिए आंटी, परिक्रमा से तो बड़े-बड़े पाप धुल जाते हैं.” आईनं चपला घातल्या. त्याला म्हणाली, “माझा नवरा सहा वर्षं जिथे गेला, तिथे तू एकदा चल.”

तुला हे माहीत नाही. तू नागपूरला गेल्यावर बाबा दरवर्षी त्या तारखेला फूलवतीकडे जायचे. तिचा नवरा दादासोबत गेला ना. दुसऱ्या कामगाराचं कुटुंब गावी निघून गेलं होतं. मुलाच्या चुकीसाठी बाबा हात जोडून उभे राहायचे आणि ती दार उघडायची नाही. शेवटच्या वर्षी उभं राहवत नव्हतं, तरी ऑटो करून गेले. मनात काय घेऊन गेले असतील बाबा, विचार कर.

आम्ही तिघं गेलो. शालिग्रामनं अंगणात उभं राहून सगळं सांगितलं. फूलवतीनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खाली वाकून तिनं आईचे पाय धरले. “बाबूजी छह साल आए, मैंने किवाड़ नहीं खोला. अब किससे माफी माँगूँ?” आई तिच्यासोबत जमिनीवर बसली. शालिग्रामला कोणी बस म्हटलं नाही.

यांना, म्हणजे विनयना, रात्री जेवताना सांगितलं. आधी म्हणाले, चलो, देवानं माफ केलं तर आपण कोण? मग बाबांचं ऐकलं आणि ताटावरून उठले. बुधवारी सकाळी त्यांनीच शालिग्रामला ठाण्यात नेलं. त्यानं सगळं लिहून दिलं. भंडारा आता होणार नाही. मी आईला विचारलं, केलंस का माफ? ती म्हणाली, “अजून नाही. उपाशी आला तर वाढीन.”

तो त्याचं भोगेल, पण माझं काय? चौकशीत ‘त्याच्या मुलीला ताप होता, भाऊ आदली रात्रभर जागा होता’ असं मीच सांगितलं होतं. खरं तेच सांगितलं, आणि त्यावरच त्याची खोटी साक्ष पक्की झाली. त्याहून वाईट म्हणजे, ती मी स्वतः मानली. गेल्या दिवाळीत अनुष्कानं फोनवर हळूच विचारलं, “आत्या, पापा सो गए थे, इसलिए वो लोग मरे?” आणि मी म्हणाले, हो बेटा. तुला हे सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून हे पत्र. पुढच्या शनिवारी मी येतेय. तिला आधी काही सांगू नको, माझ्याच तोंडून ऐकू दे. मला माफ कर, असं मी तिला म्हणणार नाही. मी बोलेन तेव्हा तू फक्त जवळ बस. माझ्या बाजूला नको, तिच्या बाजूला बस.

तुझीच,
नंदा